आधी आणणारा पाहा

रक्तदाब जास्त निघाला तेव्हा उमऱ्यांनी तो पट्टा आधी डॉक्टरांच्याच दंडाला बांधायला लावला. डॉक्टरांचाही तेवढाच निघाला. मग नर्सने मशीनचे सेल बदलले आणि दोघेही बरे झाले. हे उमऱ्यांनी मला स्वतः सांगितलं, तेही न हसता. त्यांच्या दृष्टीने यात हसण्यासारखं काही नव्हतं, ही तपासणीची पद्धत होती.

उमरे माझे धरमपेठेतल्या ऑफिसमधले सहकारी. आमचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या कंप्युटरांवर नजर ठेवणं. भिंतीवर मोठा पडदा आहे, त्यावर प्रत्येक मशीनची एक ओळ. हिरवी म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद, राखाडी म्हणजे माहितीच येत नाही. ही माहिती गोळा करून आमच्याकडे पाठवायला प्रत्येक ठिकाणी एक वेगळी मशीन असते, तिला कलेक्टर म्हणतात. याद्या माझ्याकडे, बिघाड उमऱ्यांकडे.

एप्रिलमध्ये महाल भागातल्या एका गिऱ्हाइकाच्या चाळीस ओळी एकदम राखाडी झाल्या. साहेब धावत आले. उमरे तर्रीपोहे खात होते.

"उमरे, चाळीस मशीन गेल्या!"

"चाळीस एका वक्ती नाही मरत, साहेब. डेटा आला नाही म्हणजे मशीन मेली नाही. आधी आणणारा पाहा."

पोहे संपवून त्यांनी फोन लावला. तिकडे कोणीतरी कलेक्टरचा प्लग काढून तिथे कूलर लावला होता. उमऱ्यांनी शांतपणे विचारलं, "कूलर चांगला चालून राहिला ना? मंग आता दुसरीकडे लावा गा त्याले."

'आधी आणणारा पाहा' हे वाक्य ते कुठेही वापरायचे. चहा आला नाही, तर आम्ही टपरी बंद असेल म्हणायचो. उमरे लिफ्टपाशी जायचे, आणि चहावाला खरोखरच आत अडकलेला सापडायचा. कोणी दुपारभर घुश्शात दिसलं, तर त्याने डबा आणलाय का ते आधी बघायचे. घरचं मात्र कधी बोलत नसत. आणि मेल वाचत नसत. "काम असन तर माणूस येते," म्हणायचे.

दर तीन महिन्यांनी मी यादी साफ करते. प्रत्येक ओळीला ठिकाण, मालक आणि महत्त्व हवंच. या वेळी एक बेवारस ओळ सापडली. 'पारशिवनी-१'. पारशिवनीला आमचं गिऱ्हाईक नाही. शिवाय मशीनची वागणूक विचित्र. रोज रात्री नऊला लाल, पहाटे साडेपाचला हिरवी. मी सगळ्यांना मेल पाठवला, तीन दिवस थांबले, उत्तर आलं नाही. गुरुवारी संध्याकाळी ओळ काढून टाकली आणि यादीवर बरोबरची खूण केली.

शुक्रवारी उमरे जागेवर नव्हते. टेबलावर न उघडलेला डबा होता, हेल्मेट नव्हतं. फोन उचलत नव्हते. दुपारी दोनला आले, भुवयांपर्यंत धूळ, हातात कापडी पिशवी.

"कुठे होतात?"

"पारशिवनीले. आई राहते तिथं, एकटी."

मी खुर्चीत बसले.

"तिच्या घरी वायफायचा डबा लावला हाये, मॅडम. झोपताना बंद करते, त्याची लाइट डोळ्यावर येते म्हणून. उठली की पह्यले तो चालू करते. मी इकडे पाहतो, हिरवं झालं की समजतो, उठली. फोन उचलत नाही ना ती, ऐकू येत नाही. आज ओळच नव्हती."

"आणि आई?"

"कुरडया टाकून राहिली होती. मले म्हणे, काहून आला रे कामाच्या दिवशी?"

मी सांगितलं की ओळ मी काढली. मग विचारलं, "पण उमरे, तुम्ही आधी आणणारा का नाही पाहिला?"

"सुचलंच नाही, मॅडम," ते म्हणाले. पिशवीतून कुरडयांचा पुडा काढून माझ्या टेबलावर ठेवला. "आईनं ऑफिसवाल्यांसाठी दिल्या. कडक वाळल्या नाहीत अजून, उन्हात ठेवजा."

मी त्याच दिवशी ओळ परत घातली. मालक: उमरे. महत्त्व: सर्वाधिक. त्या ओळीची सूचना माझ्याही मोबाइलवर येईल अशी सोय केली. साहेबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी सहा वाजून गेले तरी ओळ लालच. मी गॅस बंद केला आणि आधी कलेक्टर पाहिला, या ओळीसाठी तो आमच्या ऑफिसमधलाच. तो ठीक होता. मग उमऱ्यांना फोन लावला.

"पाहिलं, मॅडम," ते म्हणाले. "शेजाऱ्याले फोन केला. तिकडची लाइन गेली हाये रातभर. आई ठीक हाये, आंगण झाडून राहिली."

मागे ट्रकचा हॉर्न वाजला.

"उमरे, तुम्ही आहात कुठे?"

"अर्ध्या रस्त्यात," ते म्हणाले. "आता निघालोच हावो, तं पाहून येतो."