दोन बॅटऱ्यांचं कुंकू

दसऱ्याच्या सकाळी हिवरखेडच्या महादेवरावांनी जीपचं बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. दोन्ही बॅटऱ्यांच्या चारही खुंट्यांवर तेलात कालवलेल्या हळदीकुंकवाचे बोटभर थर बसले होते.

"मैना! हे काय केलं वं?"

"पूजा केली," मैनाबाई आतूनच म्हणाल्या. "नांगर पुजला, तिफन पुजली. तुमच्या गाडीनं काय पाप केलं?"

"पन चारी खुंट्याइले?"

"मंग? एकीले लावू अन् एकीले कोरडी ठेवू? माह्यापाशी दुजाभाव नसते."

महादेवराव खालीच बसले. बिचाऱ्याचा आजचा दिवस तसा फार मोठा होता. लष्कराच्या लिलावातली ही जीप त्यांनी हौसेनं घेतली होती, पण तिच्यामागे ट्रेलर जोडायचं मनात आलं ते मनकर्णाअक्कासाठी. आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनं महादेवाला लहानाचा मोठा केला. पुढे ती विधवा झाली, परतवाड्यात एकटी राहिली आणि सहा वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. आता अमरावतीला शस्त्रक्रिया होऊन तिला दिसायला लागलं होतं. भावानं घरी कायमचं ये म्हटलं, तर अक्कानं निरोप धाडला, "येतो. पन माह्यं जातं, पेटी अन् शेळी संगं येईन. अन् दसऱ्यालेच येईन. दिवेलागनीले तुह्या पोरीच्या, जमुनाच्या हातचं सोनं घेईन, तिचं तोंड पाहीन."

एवढ्या संसाराला ट्रेलर हवा, ट्रेलरला दिवे हवेत आणि दिव्यांना वेगळी बॅटरी हवी. म्हणून अकोल्याच्या देवमन मिस्त्रीनं आदल्या दिवशी येऊन दुसरी बॅटरी बसवली. मध्ये एक खटका ठेवला, पहिली बॅटरी थकली तर दुसरीचा जोर तिला मिळावा म्हणून.

"रातभर दुसरीची वायर सुटी राहू द्या, भाऊ," तो म्हणाला होता. "सकाळी लाल ठिपक्याले लाल वायर लावजा. ठिपका नाई दिसला तं खुंटीखाली फुली कोरली हाय, ते पायजा. उलटी लावली तं खटका दाबल्याबरोबर होळी होईन!"

आता ठिपकाही लाल आणि कुंकूही लाल. फुली तर पार गाडली गेली होती. महादेवरावांनी खिशातून फडकं काढलं.

"खबरदार!" मैनाबाई धावतच आल्या. "दसऱ्याच्या दिवशी माह्या हातचं कुंकू पुसता? जित्या नवऱ्यानं?"

जित्या नवऱ्याचा हात जागीच थांबला. खरं सांगायचं तर तेही मनातून चरकले होते. शेवटी ज्या खुंटीवरचं कुंकू जरा ठसठशीत होतं तिला त्यांनी देवाचं नाव घेऊन लाल वायर लावली. बटण दाबताच ट्रेलरचे दिवे लख्ख लागले.

"पाय! लागले का नाई?" महादेवराव छाती फुगवून म्हणाले. दिव्याला सुलटं काय आणि उलटं काय, तो दोन्हीकडून लागतो, हे त्यांना कोण सांगणार!

मैनाबाईंना शेजारी बसवून ते निघाले आणि वाटेत प्रत्येक गावात त्यांनी हॉर्न वाजवला. परतवाड्यात सामान भरताना शेजाऱ्यांनी पाहावं म्हणून भर उन्हात पुढचे मोठे दिवे चालू ठेवले. येताना अंजनगावच्या पुढे इंजिन तापलं. गाडी थांबवून पाणी घातलं आणि पुन्हा चालू करायला गेले, तर जीप नुसती कण्हली.

"घाबरू नोका," ते दोघींना म्हणाले. "खटका हाय ना!"

त्यांनी खटका दाबला. फाटकन ठिणगी उडाली, वायर जळून धूर निघाला आणि शेळी ट्रेलरमधून जिवाच्या आकांतानं ओरडायला लागली. पहिली बॅटरी पुरती गार पडली. हँडल मारून झालं, ढकलून झालं. जात्यासकट गाडी हलते कशाला! दुसरी बॅटरी पहिलीच्या जागी बसवणं एवढाच उपाय उरला होता. पण धुराच्या घाईत त्यांनी तिच्या वायरी उपटल्या होत्या, कुंकू सगळीकडे सारखंच फिसकटलं होतं आणि कोणती वायर कुठं होती ते आठवेना. पुन्हा उलटी लागली तर रात्र रस्त्यावरच. ऊन कलायला लागलं होतं.

महादेवराव रडवेले झाले. "अक्का, तुले एवढं एकच पायजे होतं. थेबी माह्याच्यानं झालं नाई."

"काय अडलं, ते तं सांग."

त्यांनी फुलीचं सांगितलं. मैनाबाई पदरात तोंड लपवून म्हणाल्या, "म्याच लावलं, अक्काबाई. म्याच कशी पुसू?"

अक्का जीपमधून खाली उतरली. "सरका दोघंबी. सवाशिनीनं पुसू नाई, नवऱ्यानं पुसू नाई. माह्यं काय जाते? माह्यं तं बारा वर्सापूर्वीच पुसलं." तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि बॅटरी खसाखसा घासली. मग जाड भिंगांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून खाली वाकली. "हे पाय, इथं फुली. तिकडं नुस्ती आडवी रेघ. आंधळे झाले का रे?"

बॅटरी बसली. जीप पहिल्याच झटक्याला सुरू झाली. महादेवरावांनी तिथंच रस्त्यावर अक्काचे पाय धरले. "तू नसती तं माह्यं काय झालं असतं वं!"

"लहानपनीबी हेच म्हने," अक्का हसली. "चाल आता. हॉर्न वाजवू नोको."

ट्रेलरला दिवे उरलेच नव्हते. मागे अक्काच्या पेटीतला कंदील बांधला आणि जीप हिवरखेडला पोचली ती बरोबर दिवेलागणीला. जमुना सोनं घेऊन दारातच उभी होती. अक्कानं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, खूप वेळ पाहिलं आणि म्हणाली, "माह्या मायवानी दिसते वं पोट्टी!" महादेवराव उगाच चाकं तपासत बसले.

तेवढ्यात मैनाबाई आरतीचं ताट घेऊन आल्या. गाडीला ओवाळलं, बॉनेट उघडायला लावलं आणि कुंकवाचा करंडा अक्कापुढे धरला.

अक्का दोन पावलं मागे सरली. "अवं, मी? मी कशी लावू?"

"तुमीच लावा," मैनाबाई म्हणाल्या. "फुलीले कुंकू अन् रेघेले हळद. आमाले कोनाले दिसते ते?"