मनोहररावांचं खवट तेल

गच्चीवरची परात लख्ख घासून उपडी घातलेली दिसली, तसं मनोहररावांनी ती उचलून खालीही पाहिलं.

त्या परातीत जवसाचं तेल होतं. वर्ध्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या मनोहररावांनी ते उन्हात ठेवून मुद्दाम खवट केलं होतं. पेशीभोवती स्निग्धांशाचा मऊ, हलता पडदा असतो. तो स्निग्धांश खवटला की पडदा ताठरतो, असा त्यांच्या पीएच.डी.चा विषय. तो मंजूर करायचा की नाही, हे ठरवायला मार्गदर्शक मधुकरराव नुकतेच नागपूरहून आले होते आणि हातपाय धुवायला न्हाणीघरात शिरले होते.

मनोहरराव धावत खाली आले. "मामीजी, परातीतलं तेल कुठं गेलं?"

त्यांच्या सासूबाई, लीलाबाई, आर्वीहून लेकीकडे राहायला आल्या होत्या. "वास मारून राह्यलं होतं ते, जावाईबापू! पोटात गेलं असतं तं? पन फेकलं नाई हो मी. न्हानीच्या कडीले चोपडलं परवा. लय गंजली होती."

तेवढ्यात न्हाणीघराचं दार गदगदा हललं. "मनोहरराव! अहो, कडी निघत नाही!"

घरातलं कोणी ती कडी लावत नसे, दार नुसतं ओढून घेत. मधुकररावांनी मात्र जोर करून लावली होती, आणि तेल डिंकासारखं चिकटून बसलं होतं.

"सर, कडीला तेल लागलंय. प्रयोगाचं."

आतून आवाज आला, "काय दाखवणार होतात आज?"

"हेच, सर. तेल खवटलं की घट्ट होतं. पडदा हलेनासा होतो."

"मग आतलं बाहेर कसं येतं?"

"येत नाही, सर."

"ते कळलं मला! पुढं काय होतं?"

मनोहरराव चाचरले. "पुढं... पडदा फाटतो, सर."

"मग फाडा की लवकर!"

"अहो, पोहे थंडे होऊन राह्यले!" स्वयंपाकघरातून बायकोनं, शालूबाईंनी, हाक दिली. मनोहररावांनी डोळे मिटून दाराला खांदा दिला. बिजागरीसकट दार आत गेलं, दारावर मनोहरराव, आणि कोपऱ्यात बादली छातीशी धरून मधुकरराव.

पोहे खाऊन झाल्यावर मधुकररावांचा राग निवळला. उलट ते हसायलाच लागले. "विषय मंजूर! फक्त तेल पुन्हा खवट करा. या खेपेला घाई नको, चांगले दोन-तीन महिने लागू द्या."

मनोहररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सरांच्या पायाशी वाकले.

लीलाबाईही गहिवरल्या. "माह्यापायीच तेल गेलं नं? मंग ते पुरतं खवटेपर्यंत मी काई आर्वीले जात नाई, जावाईबापू. परातीपाशीच बसून राह्यतो!"

मनोहरराव वाकलेलेच राहिले. मग हळूच म्हणाले, "सर, दुसरा एखादा विषय चालेल का?"