मागच्यांचं काय म्हननं हाय

त्या सोमवारी पिकअपच्या मागं आमी पाच जनी हुतो. मी कोंडाबाई, माझी जाऊ यमुना, शेजारची सुनंदा, आन सखू-विठा ह्या मायलेकी. पुढं दत्तू, आमाला रोज कामावर न्हेनारा डायवर. आन खाली, जॅकवर उचललेल्या मागल्या चाकाला कान लावून, डोळे मिटून बसलेला याकोब मिस्तरी. चाक हातानं फिरवायचा आन ऐकायचा. डाक्तर छातीला नळी लावतो, तसा. कुनी बोललं की बोट वर. म्हंजी गप.

पारनेरच्या अलीकडं फाट्यावर त्याचं गॅरेज हाय. गॅरेज म्हंजी चार पत्रे, एक लिंब, आन भिंतीवर येशूचा फोटू, त्याच्या कडंला ग्रीसचं बोट उमटलेलं. इंजिनाचं काम आलं तर करतो, पन मन न्हाई त्यात. "ती नुसती बडबड," म्हनतो. ब्रेक म्हटला की हात पुसत येतो.

आन डायवरवर त्याचा काडीचा इश्वास न्हाई. डायवरला धरायला स्टेरिंग असतंय, त्याला काय कळनार, असं त्याचं म्हननं. म्हनून ब्रेक आवळून झाला की आमाला रोजच्यासारखं मागं बसवायचा, डबे-खुरप्यांसकट. माझ्या हातात पान्यानं काठोकाठ भरलेला तांब्या, ब्रेक दाबल्यावर सांडतो का बघायला. पयला ह्यो तांब्या मार्थाबाई धरायची, त्याची बायको. ती पुण्याला लेकीकडं गेली नातू संभाळायला, दीड वरीस झालं. तवापसून तांब्या माझ्याकडं हाय.

गाडी बाभळीपतूर न्यायची, दाबायचा ब्रेक, यायचं माघारी. मंग गाडीच्या मागल्या फाळक्याला हात टेकून त्यो इचारनार, "मागच्यांचं काय म्हननं हाय?" एकेकीला. कोन कुनाच्या अंगावर पडलं, कुन्या अंगाला पडलं, पोटात गोळा आला का. एकदा यमुना म्हनली, मला न्हाई ठावं, माझा डोळा लागल्ता. त्यो असा खूश झाला, दत्तूच्या पाठीत थापच मारली. "बाई उठली न्हाई. पास."

बाकीच्या हसायच्या. मी न्हाई हसले कधी. याच्या आधी आमाला दुसरी गाडी हुती, दुसरा डायवर. गाडी एका अंगाला वढती, हे आमी त्याला चार दिस सांगत हुतो. त्यो म्हनायचा, तुमाला काय कळतंय. पाचव्या दिशी उतारावर गाडी नाल्यात गेली. माझी मांडी मोडली. सा म्हैने खाटंवर काढले, सातव्याला कांदं काढायला गेले, बसून सरकत सरकत. पाय आखूड झाला त्यो झाला. रडून काय लांब हुत न्हाई. पन तवा कुनी एकदा जरी इचारलं असतं ना, मागच्यांचं काय म्हननं हाय.

असा ह्यो याकोब. पन ह्या साली त्याचं निराळंच सुरू झालं. दर सोमवारी गाडी दावाच म्हनायला लागला. आन दर सोमवारी डावं मागलं चाक ढिलं निघायचं. "आता येळ लागंल, बसा, च्या टाकतो," म्हनायचा. च्या लगीच यायचा. इतका लगीच, की यमुना म्हनायची, बाप्याच्या हाताला वेग हाय. पाऊन तास मोडायचा, आन तिकडं वावराचा मालक दत्तूच्या नावानं बोंब मारायचा.

त्या सकाळी दत्तू घरनंच ठरवून निघाल्ता. मला म्हनला, "आजी, आज ब्रेक नीट निघाला ना, तर ह्यो शेवटचा सोमवार. पारनेरात नवं गॅरेज झालंय. सा म्हैन्यातनं एकदा दावायचं, बास."

माझ्या डोक्यातबी लई दिसापून किडा हुता. एकच चाक दर आठ दिसाला कसं ढिलं हुतंय? माझी शाळा दुसरीपतूर. वाचताना अडखळते, पन मोजताना चुकत न्हाई, रोपाच्या जुड्या मोजन्यात जल्म गेला. म्हनून त्या दिशी खाली उतरून दगडावर बसले आन नुसतं ऐकलं. चाकाच्या मागल्या अंगाला एक भोक असतंय. त्यातनं स्क्रूडायवर घालून त्यो आतलं दातेरी चाक फिरवतो. एकेक दात टक वाजतो. मोठं चाक आवळेस्तवर पुढं, मंग जरा माघारी. ब्रेकचा लायनर झिजला असंल तर पुढं जास्त, मागं कमी. हे त्यानंच शिकवलेलं आमाला.

नऊ टक पुढं गेले. नऊ टक मागं आले.

म्हंजी हुतं तिथंच आनून ठेवलं.

पानी पिऊन येते म्हनले आन पत्र्यामागं त्याच्या खोलीत गेले. खाट एक, उशा दोन. फळीवर सात कप धुऊन मांडलेले. पाच आमी, दत्तू, आन त्यो. ताटलीत खारी. बाजूला थर्मास. हलवून बघितला तर गच्च भरलेला. त्यो तर आमी आल्यापसून चाकाखालीच हुता. म्हंजी गाडी यायच्या आधीच आमचा च्या झाल्ता, आन आमचा ब्रेक बिघडल्ता.

मी पानी न पिताच भाईर आले.

दत्तू म्हनला आज च्या न्हाई, आधी टेस्ट. बसलो. तांब्या घेतला. बाभळीपाशी याकोबनं ब्रेक दाबला आन गाडी अशी उभी ऱ्हायली, जशी बैल ओळखीच्या दारात उभा ऱ्हातो. तांब्यातला थेंब सांडला न्हाई. माघारी आलो. दत्तू उतरून फाळक्यापाशी उभा, हाताची घडी घालून.

"मागच्यांचं काय म्हननं हाय?" याकोबनं इचारलं. आवाज जरा बारीक हुता.

यमुना तोंड उघडायला लागली. मी तिचा पाय दाबला, माझ्या आखूड पायानं.

"डाव्या अंगाला वढती जरा," मी म्हनले. "दर सोमवारी दावावी लागंल."

याकोबनं माझ्याकडं बघितलं. मंग तांब्याकडं बघितलं, काठोकाठ भरलेल्या. लई येळ बघत हुता. दत्तूनं कपाळाला हात लावला, पन माझ्या पायाकडं बघून मान डोलावली.

"व्हय," याकोब म्हनला. "वढती."

"तवर च्या आना, भाऊ. थर्मासात हाय त्यो."

त्यानं बोट वर केलं. गप. आन खाली मुंडी घालून कप आनायला गेला.

वाचनाऱ्याला एवढंच सांगनं हाय. पारनेरच्या फाट्यावर लिंबाखाली चार पत्रे दिसले तर गाडी उभी करा. ब्रेक दावा. नीट असला तरी दावा. फकस्त सोमवारी जाऊ नका. सोमवारी कप सातच असत्यात.