नारिंगबागेतील पानांवर उमटलेल्या लिखिताची हकीकत

श्रीकुलस्वामिनीस नमन करोन, कानी आले तैसे लिहितो. शके सोळाशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरी, भाद्रपदमासी राज्यात ऐसे वर्तमान जाहले जे, महाराजांचे नारिंगबागेत कोवळ्या पानोपानी रुपेरी नागमोडी रेघा उमटल्या. आणि रायाजीपंत चिटणीस बागेत आले, त्यांनी एक पान निरखून पाहिले आणि हुजूर अर्ज केला की, "महाराज, हे मोडी लिखित. 'उत्तरेकडून येतो' ऐसे लागते. माळी गनिमास सामील आहे." मग महाराजांची मर्जी खपा जाहली, आणि फौज चार कोसांवरील उत्तरसीमेस रवाना जाहली, आणि माळी सटवोजी रासकर यास चौकीत बसविले. उद्या दोन प्रहरापर्यंत कबूल न होय तरी हात तोडावा, बाग मुळासकट तोडावी, ऐसी आज्ञा जाहली.

सटवोजी तो पुरता बावरला. वीस वर्षे त्या झाडांस पाणी घातले; तेथे दुसऱ्याचा हात नाही, मग लिहिले कोणी? बायको साळूबाई भाकर घेऊन आली, तीस पुसों लागला, "अगे, मी झोपेत उठोन काही लिहितो काय?" ती म्हणाली, "धनी, जागेपणी तुम्हांस एक अक्षर येईना. झोपेत कोठून येईल?" तरी त्याची खातरी पटेना. पुरावा म्हणोन एक डहाळी चौकीतच तांब्यात ठेविली होती. सकाळी पाहतो तो काल अर्ध्यात राहिलेली रेघ जवभर पुढे गेलेली! कोणी आले नाही, आणि लिखित वाढले. मग तो अधिकच घाबरला, आणि घाबरतच डहाळीचा काटा मोडून रेघेच्या टोकाशी पापुद्रा उचलिला. आत तिळाएवढी पिवळी अळी वळवळत होती.

हुजूर नेले तेव्हा पान पुढे करोन म्हणाला, "महाराज, लिहिणार ही. पानाचे आतले खात जाते, मागे वाट राहते. मोठी जाहली की इवली पांढरी पाकोळी होत असावी. तैशा पाकोळ्या रोज पाहिल्या, परंतु करणी त्यांची हे न कळे."

महाराजांनी पान उन्हाकडे धरोन पाहिले. मग पुसिले, "पंत, तुम्ही वाचिले ते काय?" पंत पान उलटेसुलटे करोन म्हणाले, "महाराज, काल अक्षर स्पष्ट होते. आज... दिसेना."

मग सटवोजीस सोडोन शेला दिला, पोखरलेली पाने खुडोन जाळिली, आणि फौज माघारी बोलाविण्यास सांडणीस्वार निघतो तोच उत्तरेकडील दरबाराचा वकील धापा टाकीत आला. "आम्हांकडून काय आगळीक घडली? तुमची फौज पाहोन आमचीही सीमेस आली आहे!" महाराज चिटणिसांकडे पाहों लागले, आणि चिटणीस जमिनीकडे.

एकूण, बाग वाचली, माळी वाचला, उभय फौजा पावसात भिजोन घरोघर गेल्या. आणि कोण कोणास भ्याले, याचा उमज दोन्ही दरबारी पडला नाही.