जानकीचे पॉइंट

जानकीचे पॉइंट जाणार हे कळलं, तेव्हा जयवंत ओट्याशी बोंबील साफ करत होता. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं, पण तिचा मोबाइल तो रोज चार्जिंगला लावायचा. त्यावर मेसेज आला. महिनाअखेर वापरले नाहीत तर पॉइंट रद्द.

हे पॉइंट रेल्वे प्रवाशांसाठी एका खासगी कंपनीने काढलेल्या सवलत कार्डावरचे. गणपतीला, शिमग्याला मुलुंडच्या त्यांच्या अख्ख्या बिल्डिंगची गावची तिकिटं जानकीच काढायची. लोक गावाला जाऊन यायचे, पॉइंट हिच्या नावावर जमायचे. त्यांत कुडाळपर्यंत एसीची दोन तिकिटं फुकट बसत होती. एसीचा डबा त्या दोघांनी जन्मभर फलाटावरूनच पाहिला होता. आपण एकदा आत बसायचं, असं ती शेवटपर्यंत म्हणत होती.

माणूस गेल्याचं कळवलं की कार्ड बंद. म्हणून कळवायचंच नाही, असं जयवंतने ठरवलं. एका फोनचं काम आहे, बघच तू, असं त्याने शेजारच्या रामनाथला छातीठोक सांगितलं. पॉइंट वापरायला कार्डधारकानेच फोन करायचा, म्हणजे बाईचा आवाज लागणार होता, तर रामनाथची बायको सोनूबाई होतीच.

"आणि दुसऱ्या सीटवर कोण?" रामनाथने विचारलं.

"पिशवी ठेवीन."

सोनूबाईने जानकीची जन्मतारीख, पत्ता, सगळं शाळेतल्या पोरीसारखं पाठ केलं. फोन स्पीकरवर टाकला. तिकडच्या मुलीने जन्मतारीख विचारली, बरोबर आली. पत्ता विचारला, पिनकोडसकट आला. जयवंत मनातल्या मनात खिडकीशी जाऊन बसला.

मग मुलीने नवऱ्याचं नाव विचारलं.

सोनूबाई अडली. जयवंतने खुणा केल्या, स्वतःच्या छातीवर बोट आपटलं. पण बाई आता नुसती जानकीच नव्हती झाली, कुणाची तरी बायकोही झाली होती.

"गो बाय, घोवाचा नाव असा फोनवर कोण घेता?"

मुलीने समजावलं की नावाशिवाय पुढे जाता येत नाही. अडवणूक झाल्यावर सोनूबाईने लग्नापासून जे केलं तेच केलं. डोक्यावर पदर घेतला, मान खाली घातली आणि सुरू झाली :

"कुर्ल्या आणल्या बाजारातून, रस्सा केला दाट, रामनाथरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

रामनाथने खूश होऊन टाळ्या वाजवल्या.

पलीकडे कीबोर्ड खडखडला. मग मुलगी म्हणाली, की नोंदीत नाव वेगळं आहे. जयवंतने फोन हिसकावला आणि घाईघाईत सांगितलं, की नवरा मीच आहे, रामनाथ शेजारी राहतो. यावर कीबोर्ड आणखी खडखडला. शेवटी कार्ड लॉक झालं. ते उघडायला आता कार्डधारकाने ओळखपत्र घेऊन स्वतः ऑफिसात यायचं होतं.

"घेवन ये म्हणतत तिका," सोनूबाई पुटपुटली आणि पदराने तोंड पुसत घरी गेली.

फोन चालूच होता. मुलीने आवाज खाली आणला.

"काका, जानकी मॅडम घरी आहेत का?"

जयवंतने ओट्याकडे पाहिलं. बोंबलांना पाणी सुटलं होतं.

"बाहेर गेलीय," तो म्हणाला.

त्या आल्या की पुढच्या आठवड्यात परत फोन करा, असं मुलीने सांगितलं. तो आठवडा गेला. महिना संपला, पॉइंटही गेले. जानकी गेल्याचं कळवायचं अजून राहिलंय.