समुद्राची ओटी

दुसऱ्या शनिवारी वेंगुर्ल्याला जाऊन येऊ, असं मी जेवता जेवता सहज म्हणालो. तसं मी घरात फारसं काही ठरवत नाही. (ठरवलं तरी ते पुढे सरकत नाही, हे आमच्या ऑफिसातसुद्धा सगळ्यांना ठाऊक आहे.) पण या वेळी पोरांनी टाळ्या पिटल्या, बायकोने, पूर्णिमाने, चक्क मला आणखी एक भाकरी वाढली आणि आई म्हणाली, "जातायसाच तर माझा नवस बी फेडून या."

आमचा सौरव तीन वर्षांचा होईपर्यंत एक शब्द बोलला नव्हता. डॉक्टर झाले, अंगारे झाले. आईने तेव्हा आठवेल त्या पाण्याला ओटी बोलून ठेवली. पोरगं बोलायला लागलं तशी तिने मार्कंडेय, मलप्रभा, घटप्रभा या नद्यांची एकेक करून फेडली. समुद्र तेवढा राहिला होता. आता सौरव पाच वर्षांचा आहे आणि झोपेतही बोलतो.

आईला घाटाची वळणं सोसत नाहीत, म्हणून ती गावी, कडोलीतच राहिली. निघताना तिने हिरव्या खणात बांधलेला नारळ माझ्या हातात दिला.

"मला मोबाईलवर दाखवत टाकायचा. आन परत आला तर देवानं घेतला न्हाय असं समज. पोराच्या वाचेचा नवस हाय, लक्षात ठेव."

"परत कसा येईल गं?" मी हसलो. आम्ही नदीकाठची माणसं. पाण्यात टाकलेली वस्तू पुढच्या गावाला जाते, एवढं आम्हाला जन्मापासून माहीत असतं.

दहाच्या सुमारास आम्ही वाळूवर पोचलो. पूर्णिमाने व्हिडिओ कॉल लावला. तिकडे आई आणि तिच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या शेजारच्या मालुबाई. मी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, नारळ पाण्यात सोडला आणि डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडले तर नारळ माझ्या पायाशी.

"मोबाईल तिकडं फिरव," मी पूर्णिमाला हळूच म्हणालो.

"आज्जी, नारळ परत आला!" सौरव ओरडला. (याच वाचेसाठी नवस होता, हे लक्षात घ्या.)

"आंघूळ करून गेलतास न्हवं?" आईने विचारलं.

"व्हय की!"

"आन पायातलं?"

पायातलं पायातच होतं. चपला काढून मी दुसऱ्यांदा नारळ फेकला, तोही गावच्या टीममध्ये बॉलिंग टाकायचो तसा पळत येऊन. खांदा कट्‌कन वाजला. नारळ पंधरा फुटांवर पडला आणि पुढच्याच लाटेबरोबर माघारी आला. आठ वर्षांची सौम्या धावत जाऊन तो घेऊन आली. "पप्पा, परत टाका! मज्जा येतीया!"

तिसऱ्यांदा मी कमरेएवढ्या पाण्यात शिरलो. नारळ परत आला. माझा चष्मा मात्र समुद्राने एका झटक्यात घेतला.

"नवस फिरला गं बाई," मालुबाई म्हणाल्या. आईने डोळ्यांना पदर लावला आणि कॉल बंद केला.

नवसबिवस मी मानत नाही, असं मी ऑफिसात नेहमी सांगतो. पण मी सौरवकडे बघितलं. 'पप्पा' एवढं ऐकायला मी तीन वर्षं कान लावून बसलो होतो. मला भीती वाटली, खरंच वाटली. नारळ घालवल्याशिवाय घरी जायचं नाही, असं मी ठरवलं.

जाळं विणत बसलेले एक आजोबा मघापासून आमच्याकडे बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. "अहो, आता भरती आसा. जेवून येवा. ओहोटेक टाका, आपसूक जातलो."

"समुद्राला टायमिंग असतं?" मी विचारलं.

"तुमच्या ऑफिसाक नसता?" आजोबा म्हणाले.

मग आम्ही पोटभर मासे खाल्ले. पोरांनी वाळूत कडोली बांधली, त्यात एक विहीरही काढली. पूर्णिमा माझ्या दुखऱ्या खांद्याला टेकून बसली. नारळ मी मांडीवर घट्ट धरला होता. लग्नानंतर इतका निवांत दिवस मला आठवत नाही.

चारला पुन्हा कॉल लावला. मी नारळ सोडला. तो जरा घुटमळला, वळला आणि आत आत निघून गेला. हिरवा ठिपका दिसेनासा झाला. (चष्म्याअभावी मला तो आधीच दिसत नव्हता. हे सौम्याने सांगितलं.)

"घेतला!" आई रडत हसत होती. "सौरव, बोल रं माझ्या राजा!"

"आज्जी, पप्पाच्या पाठीमागं मोठ्ठी लाट आलीया," सौरव म्हणाला.

मी तेव्हा समुद्राकडे पाठ करून, मोबाईलकडे बघत विजयी मुद्रेने हात जोडत होतो. लाटेने मला उचललं, दोन कोलांट्या दिल्या आणि तोंडात वाळू भरून पूर्णिमाच्या पायाशी आणून टाकलं. मी धडपडत उठून बसलो. पूर्णिमा पोट धरून हसत होती.

मोबाईलमधून आईचा समाधानी आवाज आला, "नारळ घेतला, चष्मा घेतला, तुला तेवढा परत पाठवला. देवाला बी कळतंय बघ, काय ठेवून घ्यावं ते."