काठोकाठ भरलेला पेला

मेश्रामकाका ई-रिक्षात बसत ते मांडीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला धरून. आमच्या चौबे कॉलोनीपासून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या भनपुरीपर्यंत, महिन्यातून एकदा. पाणी प्यायचं नसे. उतरल्यावर खिशातली पट्टी पेल्यात उभी धरायची, पाणी किती कमी झालं ते वहीत लिहायचं आणि ओली पँट झटकत परतायचं.

रेल्वेतून निवृत्त झालेले काका आमचे शेजारी. रिक्षावाला हसून विचारी, "चाचाजी, आज फिर नहाना है?" काका म्हणत, "तू चालव. गिलास बोलते."

त्यांचं म्हणणं साधं होतं. रस्ता होतो, मग पाइपवाले तो खोदतात, त्यांच्यामागून नालीवाले येतात. झाडं लावणाऱ्यांना जागाच उरत नाही. "सगळे खाते एकमेकाशी बोलून राहिले का नाही, हे गिलासाले बरोबर समजते."

शहराच्या नव्या एकत्रित आराखड्यावर एकदा नागरिकांची बैठक झाली. मीही गेलो होतो. एक तरुण अधिकारी बाई पडद्यावर शाश्वत विकासाचे निर्देशांक दाखवत होत्या. काकांनी उठून वही त्यांच्यासमोर ठेवली. लोक हसले. बाई एकेक पान उलटत गेल्या. रस्ता कधी फुटला, कधी बुजला, पुन्हा कोणी उकरला, सगळं त्या सांडलेल्या पाण्यात होतं. इतक्या वर्षांत एक महिना चुकला नव्हता. मी इतकी पुस्तकं वाचली, पण अशी वही पाहिली नव्हती.

परतताना विचारलं, "काका, भनपुरीच काहून?"

"तुह्या काकूची बहीण तिथं रायते." थोडं चालून म्हणाले, "तुह्या काकूचा मणका मोडला तवापासून ती तिथं गेली नाही. डॉक्टर म्हणे, गचका नको. गिलास भरलेला पोचला का मंग तिले नेतो."

पुढच्या एका हिवाळ्यात पँट कोरडी राहिली. त्याच रविवारी काकू बहिणीकडे जेवून आल्या. मला वाटलं, आता पेला कपाटात जाईल. काका म्हणाले, "तिले फिरून बी न्या लागन ना."

यंदा काका गेले. स्मशानाकडे निघालेल्या गाडीत काकू त्यांच्या उशाशी बसल्या. मांडीवर तोच पेला, काठोकाठ. मी समोर होतो.

गाडी थांबल्यावर त्यांनी साडी चाचपली.

"कोरडी हाय," म्हणाल्या. "त्यायले गचका नाही लागला."